विमान उतरलं कुठे, तेही लिहा
मराठीत मुलांसाठी चरित्रं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि छापणाऱ्या मंडळींना खुले पत्र

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते. तुमची पुस्तकं माझ्या हातून मुलांकडे जातात आणि कोपरे दुमडून, कधी भाजीच्या डागासकट माझ्याकडेच परत येतात. त्या नात्याच्या हक्काने हे पत्र. तक्रार आहे, भांडण नाही.

विषय अमेलिया इअरहार्टचा. एकटीने विमान चालवत अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री. तिच्यावरची छोटी पुस्तकं मुली आवडीने नेतात. त्यांत ते उड्डाण छान रंगवलेलं असतं, आणि रंगवण्यासारखं आहेच. वादळ, पंखांवर साचलेला बर्फ, उंची दाखवणारं यंत्र बंद, इंजिनाच्या धुराड्याच्या फटीतून बाहेर येणाऱ्या ज्वाळा. मुलं श्वास रोखून वाचतात. आणि मग तुम्ही एका ओळीत सगळं आटोपता: ‘अखेर ती सुखरूप आयर्लंडला पोहोचली.’ पुढच्या परिच्छेदात पदकं सुरू.

पोहोचली म्हणजे कुठे? कुणाच्या दारात? तिथे कोण उभं होतं आणि ते काय म्हणालं? हे प्रश्न माझे नाहीत, बालविभागातल्या मुलांचे आहेत. शेतात वाढलेल्या मुलांना विमान कुठे उतरलं हा प्रश्न पडतोच, कारण ते एखाद्याच्या उभ्या पिकात उतरलं तर काय होईल हे त्यांना माहीत असतं.

तर जे तुमच्या पुस्तकात नाही ते आधी सांगते.

२० मे १९३२ च्या संध्याकाळी अमेलिया न्यूफाउंडलंडमधल्या हार्बर ग्रेसहून एका इंजिनाच्या लाल लॉकहीड व्हेगा विमानातून निघाली. एकट्याने, कुठेही न थांबता अटलांटिक ओलांडणारा पहिला वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून निघाला त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं होत होती. त्याच्यासारखंच तिलाही पॅरिस गाठायचं होतं. रात्रभरात जे झालं ते तुम्ही लिहिलेलं आहेच. त्यात एवढीच भर घाला की पहाटेपर्यंत इंधनमापकातून पेट्रोल ठिबकत तिच्या मानेवर पडत होतं, आणि जवळच ती ज्वाळा होती. अशा अवस्थेत पॅरिसचा हट्ट धरणं म्हणजे जिवाशी खेळ. तिने तो सोडला आणि जी पहिली जमीन दिसेल तिथे उतरायचं ठरवलं. धाडसाच्या गोष्टीत हा निर्णय पुसट होऊन जातो याचं मला वाईट वाटतं. मुलींना सांगण्यासारखं खरं तर तेच आहे.

किनारा दिसला. डोंगरांवर ढग होते. खाली रेल्वेचे रूळ दिसले तशी ती त्यांच्यावरून उडत निघाली. रूळ कुठल्या तरी शहराकडे जाणार, शहराजवळ विमान उतरवण्याची जागा असणार, असा तिचा साधा हिशोब. शहर लागलं, ते डेरी. विमानतळ काही दिसला नाही. मग तिने शहराबाहेरची हिरवी कुरणं न्याहाळली, त्यातलं एक निवडलं आणि परिसरातल्या गायी उधळून लावत एका शेतकऱ्याच्या घरामागे विमान उभं केलं. तारीख २१ मे, वार शनिवार, वेळ दुपारी पावणेदोनच्या सुमाराची. १४ तास ५६ मिनिटं ती हवेत होती. अंतर सुमारे ३,२६० किलोमीटर.

ते कुरण गॅलाहर कुटुंबाचं. डेरीच्या उत्तरेला, फॉइल नदी खाडीला मिळते त्या बाजूला कलमोर आणि बॅलीअर्नेट म्हणून वस्त्या आहेत, तिथलं. या भागाची फाळणी होऊन तेव्हा अकराच वर्षं झाली होती आणि सरहद्द तिथून अगदी जवळ. म्हणजे पुस्तकात नुसतं ‘आयर्लंड’ लिहून भागत नाही. ती उतरली ते उत्तर आयर्लंड, ब्रिटनच्या ताब्यातलं. रूळ थोडे वेगळे वळले असते तर कदाचित ती दुसऱ्याच देशात उतरली असती. फाळणी म्हणजे काय हे आपल्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा ही ओळ घालायला हरकत नसावी.

त्या कुरणात तेव्हा डॅन मॅकॅलियन नावाचा शेतावर काम करणारा माणूस होता. समोर आकाशातून एक लाल विमान येऊन थांबलेलं, त्यातून आखूड केसांची, रात्रभर न झोपलेली, तेलापेट्रोलाच्या वासाची बाई बाहेर येते आणि विचारते, मी कुठे आहे? तो सांगतो, गॅलाहरांच्या कुरणात. आणि मग विचारतो, लांबून आलात का? ती म्हणते, अमेरिकेहून.

हा संवाद थोड्या वेगवेगळ्या शब्दांत सांगितला जातो, तेव्हा छापताना ‘असं सांगतात’ हे दोन शब्द जरूर घाला. गाभा मात्र सगळीकडे तोच आहे. मला त्यातला डॅनचा प्रश्न फार आवडतो. आपल्याकडे बांधावरून अनोळखी माणूस येताना दिसला की पहिला प्रश्न हाच असतो, ‘पाव्हणं, कुठल्या गावचं?’ माणूस पायी आला, एसटीने आला की विमानाने, प्रश्न तोच. त्यात चौकशी असते, थोडी सावधगिरी असते आणि दमला असाल तर बसा हेही असतं. बालविभागात मी हा प्रसंग वाचून दाखवते तेव्हा मुलं अमेलियाच्या उत्तरापेक्षा डॅनच्या प्रश्नावर हसतात, आणि ते हसू ओळखीचं असतं.

पाच वर्षांपूर्वी लिंडबर्ग पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर उतरला तेव्हा लाखाच्या वर माणसं तिथे वाट पाहत होती. ते दृश्य तुमच्या पुस्तकांत पानभर असतं. पण त्या गर्दीला कोण येणार ते माहीत होतं. लोक एका प्रसिद्ध माणसाला बघायला आले होते आणि त्यांना प्रसिद्ध माणूस दिसला. डॅनला काहीच माहीत नव्हतं. त्याच्यासमोर आली ती फक्त एक दमलेली बाई. जगातल्या कुणाही माणसाच्या आधी, वर्तमानपत्रांच्याही आधी, ही बातमी त्या कुरणात कळली. आणि मराठी पुस्तकात त्या कुरणाला एक ओळही मिळू नये?

पुढचंही ऐका. नवऱ्याला, जॉर्ज पटनमला, न्यूयॉर्कला फोन करायला तिला शहरात जावं लागलं. शहरात तिची व्यवस्था सहज झाली असती. ती परत आली आणि रात्री गॅलाहरांच्याच घरी झोपली. दुसऱ्या दिवशी लंडनला गेल्यावर तिचा मुक्काम अमेरिकेचे राजदूत अँड्र्यू मेलन यांच्याकडे होता. एक रात्र शेतकऱ्याच्या घरी, पुढची राजदूताच्या घरी. तुम्ही दुसरी तेवढी छापता.

बातमी फुटल्यावर कुरणात बघ्यांची रीघ लागली. विमान नंतर सुटं करून बोटीने अमेरिकेला नेलं, ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बॅलीअर्नेटच्या लोकांनीही आठवण जपली. तिथे आता मोकळं उद्यान आहे आणि अमेलियाच्या नावाने एका छोट्याशा घरात प्रदर्शनही मांडलं गेलं होतं. त्यांना कळलं होतं की आपल्या शेतात काय घडलं.

अनपेक्षित पाहुणा आला की प्रत्येक गाव असंच वागतं असं मात्र नाही, आणि तेही मुलांना कळलं पाहिजे. हीच अमेलिया १९२८ मध्ये एकदा अटलांटिक ओलांडून आली होती, तेव्हा ती प्रवासी होती. विमान विल्मर स्टुल्ट्झने चालवलं, सोबत लू गॉर्डन हा मेकॅनिक होता. मी म्हणजे नुसतं सामान होते, बटाट्याचं पोतं, असं ती स्वतःच म्हणाली. १८ जूनला वेल्समधल्या बरी पोर्टजवळ पाण्यात विमान टेकलं. किनाऱ्यालगत रेल्वेमार्गावर तिघं जण काम करत होते. त्यांनी विमानाकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. अमेलियाने टॉवेल हलवला तेव्हा कुणीतरी अंगातला कोट काढून उलट हलवला, एवढंच. नाव येऊन त्यांना किनाऱ्यावर नेईपर्यंत बराच वेळ गेला. हे तिने नंतर हसत हसत लिहून ठेवलं आहे. त्या तीन कामगारांवर माझा तरी राग नाही. मुकादम समोर असताना आकाशाकडे किती वेळ बघत बसणार? आणि लिंडबर्गचा १९२७ चा किस्सा तर त्याहून मजेदार. आयर्लंडजवळ कोळ्यांच्या होड्या दिसल्या तसं त्याने विमान खाली आणलं, इंजिन मंद केलं आणि ओरडून विचारलं, आयर्लंड कुठल्या दिशेला? कुणी उत्तर दिलं नाही. आता डोक्यावरून घोंघावत जाणाऱ्या यंत्रातून कुणी पत्ता विचारला तर काय सांगणार!

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल की बाई, हे किस्से आहेत, इतिहास नव्हे. थांबा. अंतराळात गेलेला पहिला माणूस, सोव्हिएत रशियाचा युरी गागारिन, याचं उदाहरण घ्या. तो मुळात लढाऊ विमानांचा वैमानिक. १२ एप्रिल १९६१ ला पृथ्वीला एक फेरी मारून तो सारातोव्ह भागात, एंगेल्स शहराजवळच्या स्मेलोव्हका गावाच्या शिवारात उतरला. तिथे अन्ना ताख्तारोवा नावाची एका वनरक्षकाची बायको आपल्या लहानग्या नातीला घेऊन बटाट्याच्या शेतात काम करत होती. केशरी पोशाख, पांढरं शिरस्त्राण, मागे हवाई छत्री घसटत येणारी ही आकृती पाहून दोघी घाबरल्या. गागारिनने ओरडून सांगितलं की घाबरू नका, मी तुमच्यातलाच आहे, मला फोन कुठे करता येईल?

आता गंमत बघा. विक्रमाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वैमानिकाने आपल्या यानातच बसून खाली यायला हवं होतं. गागारिन यानातून वेगळा होऊन छत्रीने उतरला होता, आणि सोव्हिएत सरकारने ही गोष्ट कितीतरी वर्षं अधिकृतपणे कबूल केली नाही. जगभरच्या विद्वानांना जे ठाऊक नव्हतं ते बटाट्याच्या शेतातल्या आजी-नातीने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या साक्षीला किस्सा म्हणून बाजूला सारणाऱ्या माणसाने इतिहास लिहायचा तो कशाच्या बळावर?

साक्षीवरून आठवलं. आपल्याकडे १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. न्यायमूर्ती रानडे होते, सयाजीराव होते, ‘केसरी’त छापून आलं, असं सगळं सांगतात. तो अंक दाखवा म्हटलं की विषय बदलतो. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या संस्कृत ग्रंथाचा हवाला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. तरी २०१५ च्या मुंबईतल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर भाषण झालंच. तळपदे हौशी आणि हुशार माणूस होते, त्यांची टिंगल मला करायची नाही. पण मोठमोठी नावं असलेल्या या कथेत चौपाटीवरचा एकही फेरीवाला, एकही कोळीण, एकही घोडागाडीवाला ‘मी पाहिलं’ म्हणताना सापडत नाही. मला तरी त्यापेक्षा डॅन मॅकॅलियनचा एक प्रश्न जास्त भरवशाचा वाटतो.

आपल्याकडच्या खऱ्या उड्डाणांत अशी माणसं नव्हती का? होती. अमेलियाच्या त्या उड्डाणानंतर पाचच महिन्यांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान मुंबईला जुहूच्या मोकळ्या जागेवर उतरवलं. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरलं. ते पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीने आणलेलं होतं. विमानाला बैलगाडीने पेट्रोल पोचवणारा तो गाडीवान कोण होता? विमान पाहून त्याचे बैल बिचकले का? जुहूला तेव्हा हँगर म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा म्हणून सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे आणि येरवडा तुरुंगाशेजारच्या मैदानावरून विमानं उडत. हे खुद्द जेआरडींनी सांगितलेलं आहे. तिथे गुरं चारणारी मुलं असतीलच, तुरुंगाच्या भिंतीआडून फक्त आवाज ऐकणारे कैदीही असतील. कुणी विचारलं नाही, आता विचारायला कुणी उरलंही नाही.

१९३० च्या मे महिन्यात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी निघालेली एमी जॉन्सन इंधन कमी पडल्याने अलाहाबादऐवजी झाशीला लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरली होती. पंखाला इजा झाली, ती दुरुस्त केली तिथल्या सुताराने. झाशीबद्दल मराठी माणसाला किती जिव्हाळा! पण राणीच्या झाशीत एक तरुण इंग्रज मुलगी अवचित विमान घेऊन उतरली आणि एका देशी सुताराच्या रंध्यामुळे पुढे जाऊ शकली, ही गोष्ट आमच्या कपाटातल्या एकाही मराठी पुस्तकात मला सापडलेली नाही. तुम्ही छापली असेल तर कळवा, आनंदाने विकत घेईन.

आजच्या मुलांनी गावात काही उतरताना पाहिलंच नाही असं समजू नका. निवडणूक आली की हेलिकॉप्टर येतं. दोन दिवस आधी कुणाचं तरी रान सपाट होतं, मुरूम पडतो, चुन्याने गोल आखला जातो, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात. मुलांना दोरीच्या पलीकडे उभं करतात. त्यांना आठवतं काय, तर पंख्याच्या वाऱ्याने मंडपाचं कापड कसं उडालं आणि वर बसलेले पुढारी खाली उतरल्यावर केवढे बुटके निघाले. पुढाऱ्यांचं भाषण कुणालाच आठवत नाही. ही मुलं उद्या चरित्र लिहायला बसली तर ती खालून लिहितील. तुम्ही मात्र कायम वैमानिकाच्या शेजारच्या खुर्चीत बसून लिहिता.

जागेची अडचण मला माहीत आहे. बत्तीस पानं, त्यात चित्रं, त्यात प्रकाशकाचं मनोगत. मग पदकांची यादी कापा. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या हस्ते मिळालेलं सुवर्णपदक एका ओळीत मावतं. ॲचिसन गावातलं तिचं बालपण, घरच्या घरी छपरावरून केलेली घसरगाडी, हे अजिबात कापू नका, मुलं त्यावर भाळतात. शेवटी १९३७ मधल्या तिच्या बेपत्ता होण्यावर जी रहस्यकथा रचली जाते, तिला मात्र निम्म्यावर आणता येईल. बंदिवास, हेरगिरी, टोपणनावाने जगणं, या तर्कांना मुलांच्या पुस्तकात एवढी पानं कशाला? त्याऐवजी एवढं नीट सांगा की त्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या प्रवासात ती जूनमध्ये कराची आणि कलकत्त्यालाही थांबली होती, पावसाळ्याने तिला पुढे म्यानमारच्या वाटेवर अडवलं होतं आणि २ जुलैला ती व तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन पॅसिफिक महासागरातल्या ज्या हाउलंड बेटाकडे निघाले ते जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचं आहे. अथांग पाण्यात एवढीशी जमीन शोधायची होती. १९३२ मध्ये तिला उतरायला आख्खा देश होता. हे शेजारी शेजारी ठेवलं की उतरायला जागा मिळणं ही केवढी गोष्ट असते ते दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

आणखी एक विनंती. कलमोरचं पान लिहाल तेव्हा ते गोड करू नका. गॅलाहरांच्या घरी काय जेवण होतं, कोण काय बोललं, यातलं जे ठाऊक नाही ते मनाने भरू नका. आपल्याकडे चरित्रनायकाच्या आईच्या तोंडी संस्कारांची भाषणं घालायची खोड आहे. डॅन मॅकॅलियनच्या तोंडी असं काही घातलंत तर मी ते पान चिकटवून टाकेन. त्याला भोळा, अडाणी खेडूत करू नका. अमेरिका कुठे आहे हे त्याला चांगलंच ठाऊक असणार, डेरीच्या बंदरातून पिढ्यान्‌पिढ्या लोक अमेरिकेला जात आले होते. त्या बाजूने विमान घेऊन परत आलेलं कुणी त्याने पाहिलं नव्हतं, इतकंच. चित्रकारालाही सांगा. अमेलिया विमानाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी आहे ते चित्र पुरे झालं. गायी काढा. उधळलेल्या गायी, कुंपण, हातातलं काम टाकून बघणारा माणूस आणि कोपऱ्यात लाल पंख.

माझी मागणी एका पानाची आहे. नव्या आवृत्तीत ते पान आलं तर मुद्रितं वाचून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. आमच्याकडच्या अमेलियाच्या प्रतींची पाठ गेली आहे, डिंक लावून लावून त्या फुगल्या आहेत. वाचनालयाचं अनुदान यंदाही उशिरा येणार असं दिसतं, पण आलं की पहिली मागणी त्या आवृत्तीचीच नोंदवते. वाचनालयांना मिळणारी सवलत तेवढी कळवावी.

आपली,
बालविभागातली एक ग्रंथपाल